शनिवारी चार वाजता ते कपाट उघडा

प्रति,
राज्यभरातल्या सार्वजनिक वाचनालयांचे अध्यक्ष, कार्यवाह, संचालक आणि ग्रंथपाल यांस,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या वाचनालयात बालविभाग म्हणून एक कपाट असेल. बहुतेक ठिकाणी ते लोखंडी असतं, वरच्या भागाला काच असते आणि खालच्या कप्प्यात जुन्या दिवाळी अंकांचे गठ्ठे बांधून ठेवलेले असतात. त्याला कुलूप असतं. गेल्या काही वर्षांत जळगाव-धुळ्याकडची अशी बरीच कपाटं मी पाहिली. हे पत्र त्या कुलपाबद्दल आहे.

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत एकतीस वर्षं शिकवलं. निवृत्त झाल्यावर गावातल्या मारुतीच्या पारावर दर शनिवारी मुलांना गोष्टी वाचून दाखवायला लागले. गोष्टी सांगणारे पुष्कळ आहेत आणि ते छान सांगतात. मी मात्र पुस्तक हातात धरून वाचून दाखवते. हा फरक दिसायला लहान आहे, पण त्याचसाठी मी तुम्हाला लिहिते आहे.

पहिल्या शनिवारी अकरा मुलं आली. त्यांत तिसरीतला एक मुलगा होता. अक्षर अक्षर जोडत वाचायचा. मा, क, डा, नं, असं करत ओळीच्या शेवटाला पोचेपर्यंत ओळीची सुरुवात विसरून गेलेला असायचा. तुमच्यात कुणी शिक्षक असतील तर त्यांना अशी मुलं चांगली ठाऊक असतील. पुस्तक पाहिलं की हा मागे सरकून बसायचा. मी माकड आणि मगरीची गोष्ट वाचली. मोठ्या चित्रांचं, मोजक्या पानांचं पुस्तक. चित्राची बाजू मुलांकडे करून धरलं, सावकाश वाचलं, पान उलटायच्या आधी जरा थांबले. दुसऱ्या शनिवारी मुलांनी तेच पुस्तक मागितलं. तिसऱ्या शनिवारी पुन्हा तेच. तोवर मला ते पाठ झालं होतं, त्यामुळे माझे डोळे मुलांवर होते आणि तोंड आपलं चाललं होतं. माकडानं जांभळं टपाटप खाली टाकली, असं मी म्हणाले. हा मुलगा उठला, पुढे आला आणि पानावर बोट ठेवून म्हणाला, "बाई, तुम्ही टपाटप म्हनल्या. आठे प पहिला शे."

मी पाहिलं. पुस्तकात 'पटापट' छापलेलं होतं.

किती मुलांना बाराखडी शिकवली याचा हिशोब मी कधी ठेवला नाही. पण बाई काहीही बोलोत, कागदावर जे आहे ते आहे आणि ते आपल्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येतं, हे एखाद्या मुलाला उमगताना मी इतक्या जवळून पहिल्यांदा पाहिलं. ते त्याला माझ्या शिकवण्यातून उमगलं नव्हतं. गोष्ट त्याच्या कानात पक्की बसली होती, पुस्तक समोर उघडं होतं आणि कान आणि डोळा यांची गाठ तिथं पडली.

त्यानं विचारलं, "घरी न्यू का?" पुस्तक माझं स्वतःचं होतं, म्हणून मला कुणाला विचारावं लागलं नाही. दिलं. ते अकरा दिवसांनी परत आलं. मधलं एक पान सुटलं होतं आणि त्याच्या आईनं ते सुईदोऱ्यानं शिवलं होतं, गोधडीला घालतात तसले लांब टाके घालून. त्या पुस्तकावर माझी फार माया आहे.

आता मूळ मुद्दा. लहान मुलाचा कान त्याच्या डोळ्याच्या कितीतरी पुढे असतो. पहिली-दुसरीतल्या मुलाला ऐकून जेवढी गोष्ट कळते, तेवढी स्वतः वाचून कळायला मध्ये बरीच वर्षं जावी लागतात. या मधल्या वर्षांत त्याच्या वाट्याला जी वाक्यं वाचायला येतात ती अगदी सोपी, जोडाक्षरं टाळलेली असतात. शिकण्यासाठी ती लागतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण पुढे काय झालं हे कळावं म्हणून जीव टांगणीला लागावा, असं त्यांत काही नसतं. मुलाला वाटतं, पुस्तकात असलंच असतं. मोठ्यानं वाचून दाखवलं, की याच वर्षांत त्याला पुस्तकांत खरोखर काय दडलंय ते कळतं. मग जोडाक्षरांशी झटापट करायला त्याच्याकडे कारण असतं.

हे काही नवीन नाही आणि बाहेरून आणायचंही नाही. माझ्या लहानपणी श्रावणात आमच्या आळीत पोथी लागायची. लाल कापडात बांधलेली पोथी चौरंगावर ठेवायची, एकानं ओव्या वाचायच्या, दुसऱ्यानं अर्थ सांगायचा आणि सगळ्या आळीनं ऐकायचं. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. पण एकदा वाचणाऱ्यानं दोन पानं एकदम उलटली, तर ती कोपऱ्यातून म्हणाली, "मधलं राहिलं, बाबा." त्या मुलाचा 'प' आणि आजीचं 'मधलं राहिलं' मला एकच वाटतं. आजीला वाचता येत नव्हतं आणि त्याला धड येत नव्हतं, पण पुस्तकात काय लिहिलंय याच्याशी दोघांचं नातं जडलेलं होतं, आणि ते चार लोकांत बसून ऐकल्यामुळे जडलं होतं. आजीचं वय निघून गेलं होतं. मुलाचं निघून गेलेलं नाही.

तिकडे सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाचे चित्रकथी आहेत. ते एकेक चित्र पुढे धरत रामायण-महाभारतातली आख्यानं सांगतात, आणि त्या चित्रांच्या संचालाही ते पोथीच म्हणतात. २०२१ साली परशुराम गंगावणे यांना या कलेसाठी पद्मश्री मिळाली. चित्र पुढे धरून गोष्ट सांगायची, पान बदललं की गोष्ट पुढे सरकायची, हे आपल्या मातीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आहे. मुलांचं चित्रपुस्तक मी हातात धरते तेव्हा मला त्यांची आठवण होते.

मी ज्या तालुक्यातून लिहिते आहे तो अमळनेरचा. साने गुरुजी इथल्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. १९२४ ते १९३० हा तो काळ. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते स्वतःच्या हातानं दैनिक लिहून काढायचे. रात्री जागून लिहायचं आणि सकाळी मुलांना वाचायला द्यायचं. पुढे १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिली. त्या पुस्तकाचे भाग पाडलेत ते रात्रींमध्ये. दिवसाची कामं उरकली की मंडळी जमतात, श्याम गोष्ट सांगतो आणि बाकीचे ऐकतात. महाराष्ट्रातल्या इतक्या घरांत पोचलेलं पुस्तक मुळात गोष्टीच्या बैठकीच्या रूपात लिहिलेलं आहे, याकडे आपलं फारसं लक्ष जात नाही. गुरुजी गेल्यानंतर १९५१ साली त्यांचे अनुयायी प्रकाशभाई मोहाडीकर यांनी मुलांना गोष्टी सांगण्यासाठी कथामाला सुरू केली. गावोगावच्या शिक्षकांनी ती वर्षानुवर्षं चालवली. मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या केंद्रातले एक वयस्क गुरुजी दर शनिवारी कथामाला घ्यायचे. मी त्यांचं ऐकूनच शिकले.

त्या कामाबद्दल पूर्ण आदर ठेवून एक गोष्ट मी आज वेगळी करते. गोष्टीनंतर "यातून तुम्ही काय शिकलात?" हे मी विचारत नाही. नोकरीत असताना पुष्कळ वर्षं विचारलं. मुलं शहाणी असतात. "खोटं बोलू नये", "लोभ करू नये" अशी उत्तरं त्यांच्याकडे तयारच असतात. पण प्रश्न आला की त्यांचे चेहरे बदलतात. गोष्ट संपून तास सुरू झाल्याचं त्यांना कळतं. हल्ली मी गोष्ट संपली की गप्प बसते. मुलंच बोलायला लागतात. मगरीच्या बायकोचं पुढे काय झालं, तिला जांभळं मिळाली का, यावर एकदा पाऊण तास वाद चालला होता.

आता तुमच्या कपाटाकडे येते.

पारावर वाचायला लागल्यावर दोनेक महिन्यांत माझी पुस्तकं संपली. मग मी जवळच्या एका वाचनालयात गेले. नाव लिहीत नाही, कारण तिथली माणसं वाईट नव्हती. कपाट उघडायला किल्ली शोधावी लागली. आत दीडेकशे पुस्तकं होती, बरीचशी चांगली, काही तर फारच चांगली. मी एकेक काढून मागचं पान पाहिलं. देवघेवीच्या चिठ्ठ्या कोऱ्या होत्या. काही पुस्तकांची पानं अजून एकमेकांना चिकटलेली होती. मी पंधरा मुलांसाठी पंधरा पुस्तकं मागितली. अनामत भरा, प्रत्येक मुलाच्या पालकाची सही आणा, आणि मुलं पुस्तकं फाडतात तर जबाबदारी तुम्ही लेखी घ्या, असं उत्तर मिळालं. पुस्तकं मिळाली नाहीत.

मी परत येताना चिडले होते, पण नंतर विचार केला तेव्हा त्या ग्रंथपालाची बाजूही कळली. मिळणारं मानधन इतकं थोडं, की तो सकाळी शेतात जाऊन संध्याकाळी वाचनालय उघडतो. अनुदान हप्त्यांनी येतं, तेही कधी येईल याचा नेम नाही. तपासणीला अधिकारी येतात तेव्हा दाखल नोंदवहीतला आकडा आणि कपाटातला आकडा जुळावा लागतो. एखादं पुस्तक कमी भरलं की खुलासा त्याला द्यावा लागतो. अशा माणसाला कुलूप सुरक्षित वाटतं. म्हणून मी हे पत्र एकट्या ग्रंथपालाला न लिहिता संचालक मंडळालाही लिहिते आहे. त्याच्या डोक्यावरची ही भीती फक्त तुम्ही उतरवू शकता. बैठकीत एक साधा ठराव करा, की बालविभागातली पुस्तकं मुलांनी हाताळून फाटली, जीर्ण झाली, तर ती दरवर्षी नियमानं बाद केली जातील आणि त्याबद्दल ग्रंथपालाला जबाबदार धरलं जाणार नाही. जुनी पुस्तकं बाद करायची पद्धत तुमच्याकडे आहेच. ती मोठ्यांच्या जाड कादंबऱ्यांना लागू होते, तशी मुलांच्या पुस्तकांना होऊ द्या. दहा वर्षं कोरं राहिलेलं मुलांचं पुस्तक हा मला फाटलेल्या पुस्तकापेक्षा मोठा तोटा वाटतो, कारण ती मुलं आता मोठी झाली.

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ सालचा आहे. आपल्याकडची वाचनालयं तर त्याहून कितीतरी जुनी. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं. मराठी मुलखाशी जवळचं नातं असलेल्या बडोदे संस्थानात सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावले आणि लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून ती खेड्यापाड्यांत फिरवायची व्यवस्था उभी केली. त्या काळी पुस्तक पेटीतून गावापर्यंत येत होतं. आज अनुदानित वाचनालयांची संख्या दहा हजारांच्या वर आहे, म्हणजे पुस्तक पुष्कळ गावांत आधीच येऊन पोचलंय. मुलापर्यंत जायला त्याला आता फक्त कपाटातून बाहेर यायचं आहे.

दरवर्षी १५ ऑक्टोबरला, डॉ. अब्दुल कलामांच्या जयंतीला, आपण वाचन प्रेरणा दिन करतो. मुलं ओळीनं बसतात, प्रत्येकाच्या हातात पुस्तक असतं, फोटो निघतो आणि पुस्तकं गोळा करून परत ठेवली जातात. त्या पुस्तकाचं चौथं पान उघडलेल्या मुलाच्या हातून ते काढून घेताना मी पाहिलं आहे. हा दिवस बंद करा असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं एवढंच, की त्या दिवशी हातात दिलेलं पुस्तक त्या मुलाबरोबर घरी जाऊ द्या. शहरांत हल्ली कथाकथनाचे चांगले कार्यक्रम होतात. बाहुल्या असतात, वेशभूषा असते, मुलं खूश होतात. तिथंही माझी हीच विनंती असते. ज्या पुस्तकातली गोष्ट आहे ते पुस्तक मुलांना दाखवा, नंतर हाताळू द्या. पालघर जिल्ह्यात क्वेस्ट संस्थेची तरुण मंडळी 'गोष्टरंग' नावाचा उपक्रम करतात. मुलांच्या पुस्तकांतल्या गोष्टी नाट्यरूपात घेऊन ती आदिवासी भागातल्या शाळांत जातात आणि त्या गोष्टींच्या आधारानं मुलांबरोबर भाषेचं काम करतात. खेळ झाला तरी गोष्टीचा धागा तुटत नाही, हे मला त्यात फार मोलाचं वाटतं.

तुम्ही म्हणाल, वाचणार कोण? गावात नजर टाका. निवृत्त शिक्षक आहेत, अंगणवाडीताई आहेत, बारावी होऊन घरी बसलेल्या मुली आहेत, बचत गटातल्या बाया आहेत. आवाज नाटकी असायची गरज नाही. पुस्तक आधी घरी दोनदा वाचून यावं, एवढं पुरतं. आमच्याकडे एक आजोबा येतात. त्यांना वाचायला चष्मा लागतो आणि चष्मा ते विसरतात, म्हणून ते अहिराणीत गोष्ट सांगतात आणि मग तीच गोष्ट पुस्तकातून मी प्रमाण मराठीत वाचते. आजोबा मध्येच थांबले की सगळा पार ओरडतो, "मंग काय व्हयनं?" घरी अहिराणी, भिल्ली किंवा पावरी बोलणाऱ्या मुलांना पुस्तकातली मराठी परकी वाटते. आपल्या बोलीत आधी ऐकलेली गोष्ट त्या परक्या मराठीत ओळखू आली, की ती भाषा त्यांना घाबरवत नाही. हे मला शाळेत असताना करता आलं असतं तर, असं अनेकदा वाटतं.

वेळेचं सांगते. शनिवारी चार वाजता. पाऊण तासापेक्षा जास्त नको. त्यातली वीसेक मिनिटं वाचन आणि बाकीचा वेळ पुस्तकं सतरंजीवर पसरून ठेवायची, मुलांना हवी ती घेऊ द्यायची. कोण उलटं धरेल, कोण नुसती चित्रं पाहील, कोण मैत्रिणीला वाचून दाखवेल. मध्ये बोलायचं नाही. मग शंभर पानी वहीत नाव, पुस्तक आणि तारीख लिहायची आणि पुस्तक घरी द्यायचं, अनामत न घेता. तेच पुस्तक पुन्हा वाचायला मागितलं तर पुन्हा वाचायचं. मोठ्यांना कंटाळा येतो, मुलांना येत नाही.

पुस्तकांसाठी अडून राहू नका. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक बालभारतीनं सर्वांसाठी मोफत वाचायला खुले केले आहेत. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठीतली कितीतरी चित्रपुस्तकं विनामूल्य आहेत. ती छापून, शिवून वापरता येतात. कोलकात्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान ग्रंथालयांना पुस्तकं देतं आणि बालविभागासाठीही साहाय्य करतं. आपल्या जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे त्याची चौकशी करा. आणि नवी खरेदी करताना मुलांच्या पुस्तकांची यादी एखाद्या दुसरीच्या शिक्षिकेकडून करून घ्या. गठ्ठ्यानं येणारी संक्षिप्त चरित्रं मुलं उचलत नाहीत.

ग्रंथालय संचालनालयाच्या अधिकाऱ्यांच्या वाचनात हे पत्र आलं तर त्यांना एकच विनंती. तपासणीच्या वेळी पुस्तकं किती, नियतकालिकं किती, सभासद किती हे तुम्ही पाहता. त्यात आणखी एक प्रश्न घाला, की वर्षभरात मुलांसाठी किती दिवस वाचन झालं आणि मुलांनी किती पुस्तकं घरी नेली. ज्या गोष्टीची नोंद घेतली जाते तिच्याकडे लक्ष जातं, हे सरकारी नोकरीत मी अनुभवलं आहे.

ज्या वाचनालयानं मला नाही म्हटलं होतं, तिथल्या ग्रंथपालाला मी गेल्या पावसाळ्यात पारावर बोलावलं. तो आला, मागे उभा राहून ऐकलं, जाताना काही बोलला नाही. पंधरा दिवसांनी पिशवीत वीस पुस्तकं घालून स्वतः घेऊन आला. म्हणाला, "नोंद माझ्या नावावर केलीय." मला तेव्हा काय वाटलं ते लिहिता येत नाही. पण एका माणसाला स्वतःच्या नावावर जोखीम घ्यावी लागू नये, म्हणून तुम्हा सगळ्यांना हे सांगते आहे.

त्या वीसपैकी एकोणीस पुस्तकं आज परत आली आहेत. विसावं चौथीतल्या एका मुलीकडे आहे. दिवाळीनंतर तिचे आईवडील ऊसतोडीला गेले आणि ती त्यांच्याबरोबर गेली. ट्रॅक्टरवर सामान चढवत असताना ती पळत पारापाशी आली होती, पुस्तक परत करायला. मी म्हटलं, ठेव, घेऊन जा. वहीत तिच्या नावापुढचा रकाना अजून मोकळा आहे. ग्रंथपालानं परवा विचारलं, "बाई, हरवलं म्हणून लिहू?" मी नको म्हणून सांगितलं. कारखाना बंद झाला की ती माणसं चैत्रात परत येतात.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
तालुका अमळनेर, जिल्हा जळगाव